कारसीटचा बेल्ट मुलीला स्वतः काढायला शिकवावा का? शिकवायचा तर कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साडेचार वर्षांची आहे, नेरूळला शाळेच्या गेटसमोर गाडी उभी करायला जेमतेम मिनिटभर मिळतं, मागच्यांचे हॉर्न सुरू होतात आणि तेवढ्यात तिला कारसीटमधून मोकळं करताना तुमची तारांबळ उडते. तिला स्वतःला बेल्ट काढता आला तर बरं होईल, पण सासूबाई म्हणतात, ‘शिकवलंस तर चालत्या गाडीत काढेल.’

ताई, शिकवा. वय योग्य आहे. सासूबाईंची भीतीही खरी आहे, ती उडवून लावू नका. मी ठाण्यात राहते, माझ्या मुलाला मी साधारण याच वयात शिकवलं. माझा अनुभव सांगते: बेल्ट कसा काढायचा हे मुलं लवकर शिकतात, कधी काढायचा हे डोक्यात बसायला वेळ लागतो. म्हणून सुरुवात तिथून करायची आणि लाल बटणाला हात नंतर लावू द्यायचा.

ते बटण मुद्दामच घट्ट ठेवलेलं असतं. युरोपीय मानकाप्रमाणे कारसीटचं बक्कल उघडायला 40 ते 80 न्यूटन जोर लागला पाहिजे, म्हणजे अंगठ्याने साधारण चार ते आठ किलोचा दाब द्यायचा. लहान मुलाला सहज उघडता येऊ नये आणि अपघात झाला तर मोठ्या माणसाला पटकन उघडता यावं, असा तो मधला आकडा आहे. त्यामुळे तिला आज जमत नसेल तर काळजीचं काही नाही. पण चार-पाच वर्षांची झाली की बरीच मुलं खटपट करून ते आपणहून उघडतात. मी तुमच्या जागी असते तर सासूबाईंना हेच सांगितलं असतं: आपण शिकवलं नाही तरी ती शिकणारच आहे, तर नियमासकट शिकलेली बरी.

आता नियम. ‘गाडी थांबली की काढ’ हा नियम आपल्याकडे चालत नाही. घोडबंदर रोडला मानपाड्यापासून वाघबीळपर्यंत संध्याकाळी गाडी पुढे कमी जाते आणि थांबते जास्त. तुमच्याकडे सायन-पनवेल हायवेवरही ऐन गर्दीत वेगळं काही नसतं. मुलाच्या दृष्टीने गाडी थांबली म्हणजे थांबली. ‘इंजिन बंद झालं की काढ’ हेही पुरत नाही, कारण पेट्रोल पंपावर इंजिन बंदच असतं, आणि हल्ली काही गाड्यांचं तर सिग्नललाही आपोआप बंद होतं. म्हणून खूण गाडीकडे नको, गाडी चालवणाऱ्याकडे हवी. आमच्या घरात तो शब्द आहे ‘सुट्टी’. गाडी चालवणाऱ्याने ‘सुट्टी’ म्हटल्याशिवाय बेल्टला हात नाही. गाडीत हा शब्द दुसऱ्या कशासाठी वापरत नाही. बाबा, आजोबा, मामा, जो कोणी गाडी चालवेल त्याने तोच शब्द वापरायचा. एकाने जरी ‘चल, आलोच आहोत, काढ’ म्हटलं तरी घडी विस्कटते.

हा नियम आधी नुसता तोंडी खेळा. सिग्नलला थांबलात की विचारा, ‘आता काढायचा?’ ती ओरडून ‘नाही’ म्हणेल. पंपावर विचारा. सोसायटीच्या गेटवर बॅरिअर वर जायची वाट बघताना विचारा. मुलांना आईला चुकीच्या वेळी पकडायला फार आवडतं, आणि त्यातच नियम मुरतो. ती न चुकता उत्तर द्यायला लागली की बटणाकडे वळा.

सराव सोसायटीच्या पार्किंगमध्ये करा, दारं उघडी ठेवून, कुठेही जायची घाई नसताना. शाळेच्या सकाळी अजिबात नको. क्रम उलटा ठेवा. सुरुवातीला बटण तुम्ही दाबा, बक्कलमध्ये अडकणाऱ्या पट्ट्यांच्या दोन्ही जिभा बाहेर आल्या की खांद्यावरच्या पट्ट्यांतून हात काढायचं काम तिचं. ते सफाईने जमलं की बटण तुम्ही दाबून धरा आणि जिभा तिला ओढू द्या. बटण सगळ्यात शेवटी. असं केलं की प्रत्येक वेळी शेवट तिच्या हातून होतो आणि ‘मला नाही येत’ ही रडारड होत नाही.

बटण दाबताना तिचे हात नीट बघा. मुलं एका बोटाच्या टोकाने टोचल्यासारखं दाबतात, त्याने बटण अर्धंच आत जातं. मटाराची शेंग फोडताना आपण अंगठ्याने दाबतो आणि मागून बोटांचा आधार देतो ना, तसं करायला सांगा: दोन्ही अंगठे एकावर एक, बाकीची बोटं बक्कलच्या मागे. दुसरं म्हणजे पाठ सीटला टेकलेली हवी. उतरायच्या उत्साहात मुलं पुढे झुकतात, पट्ट्या ताणल्या जातात आणि जिभा बक्कलमध्ये अडकून बसतात. माझ्या मुलाचं घोडं इथेच अडलं होतं. ‘आधी मागे टेक, मग दाब’ एवढं सांगितलं आणि बटण खट्कन गेलं, त्याचं त्यालाच नवल वाटलं.

तिला सोपं जावं म्हणून प्रवासात पट्ट्या सैल मात्र ठेवू नका. गळ्याच्या हाडाजवळ पट्टीची चिमूट धरून पाहा, चिमटीत येत असेल तर ती सैल आहे. पोहोचल्यावर हवं तर सीटच्या पुढच्या कडेचा खटका दाबून तुम्हीच जरा ढिल्या करा.

आणि तुम्हालाच बक्कल उघडायला जड जात असेल तर आत बिस्किटाचा चुरा किंवा चिवड्यातली शेव गेली असण्याची दाट शक्यता आहे. सीटच्या पुस्तिकेत दिलं असेल तसं बक्कल कोमट पाण्यात बुडवून, बटण पुन्हा पुन्हा दाबून धुवा आणि पूर्ण वाळवा. तेल घालू नका, त्याने कचरा आणखी चिकटतो.

चालत्या गाडीत काढलाच तर? ओरडायचं नाही, समजावत बसायचं नाही. ‘बेल्ट निघाला, गाडी थांबणार,’ एवढंच म्हणून डावीकडे घ्या आणि सर्व्हिस रोड, पेट्रोल पंप अशी सुरक्षित जागा पाहून थांबा. पाम बीचसारख्या वेगाच्या रस्त्यावर लेनमध्येच ब्रेक मारू नका, आणि चालवता चालवता मागे हात घालून बेल्ट लावायचा प्रयत्न तर कधीच नाही. थांबून बेल्ट लावा, घट्ट करा, निघा. प्रत्येक वेळी अगदी असंच. त्यात तिला गंमतही दिसत नाही आणि ती लवकर पोहोचतही नाही. बक्कलवर टेप किंवा बाजारात मिळणारी झाकणं बसवू नका. उद्या काही झालं तर मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला ते बक्कल पाहताक्षणी उघडता आलं पाहिजे.

सासूबाईंशी आणखी एक गोष्ट नक्की बोला, कारण मला स्वतःला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. 26 जुलै 2005 ला मुंबईत पाण्यात अडकलेल्या गाड्यांमध्ये माणसं गुदमरून गेली. त्या दिवसाची आठवण त्यांनाही असेल. अशा वेळी मूल स्वतः मोकळं होऊ शकलं तर आपले हात दरवाजासाठी मोकळे राहतात. दुसरी बाब उन्हाची. उन्हात बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढू शकतं आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. मुलाला गाडीत एकटं ठेवायचं नाही हे तर आहेच. तरी पहिला नियम पक्का झाल्यावर मी एक अपवाद शिकवला: गाडीत तू एकटाच राहिलास तर ‘सुट्टी’ची वाट बघायची नाही. बेल्ट काढायचा, पुढच्या सीटवर यायचं आणि कोणी येईपर्यंत हॉर्न दाबून ठेवायचा. बहुतेक गाड्यांचा हॉर्न चावी नसतानाही वाजतो, तुमच्या गाडीचा वाजतो का बघून घ्या. वॉचमनकाकांना आधी सांगून पार्किंगमध्ये एकदा खरोखर करून घ्या. मुलाच्या हाताला हॉर्न किती जड लागतो हे तेव्हाच कळतं.

आता शाळेचं गेट. सीट मागे डावीकडे बसवा, म्हणजे दार फुटपाथच्या बाजूला उघडेल. चाइल्ड लॉक चालूच राहू द्या. तुम्ही गाडी लावून ‘सुट्टी’ म्हणायचं, ती बेल्ट काढेपर्यंत तुम्ही फेरी मारून दाराशी पोहोचता, दार बाहेरून तुम्ही उघडायचं किंवा गेटवरच्या मावशींनी. दप्तर आधीच दाराजवळ ठेवा. मिनिटभर यासाठी पुरतं. उशीर झालाय म्हणून एखाद्या दिवशी मांडीवर बसवून नेऊ नका. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा कारसीट नसेल तर 1000 रुपये दंड आहे, पण दंड नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

पुढे हार्नेस, म्हणजे कारसीटच्या या पट्ट्या, लहान पडून ती बूस्टरवर, म्हणजे मुलाला उंच बसवणाऱ्या बैठकीवर, आली की गाडीचाच बेल्ट लागतो. त्याचं बटण पुष्कळ हलकं असतं, फक्त सुटल्यावर बेल्ट झपकन मागे जातो आणि त्याची धातूची जीभ तोंडाला किंवा काचेला लागते. तेव्हा एका हाताने बटण आणि दुसऱ्या हाताने बेल्ट धरून तो हळूहळू खांद्यापर्यंत न्यायला शिकवा.