सरकारी कर्मचाऱ्यांना संघटना करायची परवानगी असावी का?

तुम्ही विचारलंय की सरकारी नोकराला नोकरी कायमची, पगार ठरलेला, आणि त्याचा मालक म्हणजे शेवटी जनताच, मग त्याला संघटना कशाला पाहिजे. माझं उत्तर सरळ आहे, पाहिजेच, आणि पगारवाढ हे त्यातलं दुय्यम कारण आहे. मी कोल्हापूर जिल्ह्यात महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो, तेव्हा जे सांगतोय ते टेबलाच्या आतल्या बाजूनं बघितलेलं आहे.

आधी कायद्याचं थोडक्यात. संघटना करायचा हक्क घटनेच्या कलम 19 नं सगळ्या नागरिकांना दिलाय, सरकारी नोकरी लागली म्हणून तो संपत नाही. सैन्य आणि पोलिसांचं वेगळं आहे, कलम 33 नं संसदेला त्यांच्यावर बंधनं घालता येतात. संप मात्र हक्क नाही. 2003 साली तमिळनाडूत जयललिता सरकारनं संपावर गेलेले लाखाहून जास्त कर्मचारी एका फटक्यात काढून टाकले, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा कोर्टानं स्पष्ट सांगितलं की सरकारी कर्मचाऱ्याला संप करायचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक असा कुठलाच हक्क नाही. त्यामुळं संघटना म्हणजे संप असं जे लोक धरून चालतात ते आधी डोक्यातनं काढायला पाहिजे.

आता मुद्द्याचं. 2019 चा महापूर आठवत असेल, पंचगंगेकाठची गावंच्या गावं पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले, तलाठी आणि ग्रामसेवक घरोघरी जाऊन भिंतीवरची पाण्याची खूण बघायचे, कुणाच्या कमरेएवढी, कुणाच्या माळ्यापर्यंत, मातकट रेघ अगदी सरळ उमटलेली असायची, त्याचा फोटो काढायचे आणि मग नाव यादीत. एका गावात आमच्याकडच्या नवीन तलाठ्याला तिथल्या पुढाऱ्यानं नावांचा कागद आणून दिला, ही घरं पण घाला म्हणून. त्या घरांत पाणी शिरलंच नव्हतं, भिंतीवर रेघ नाही, चूल जागच्या जागी, धान्याचं पोतं कोरडं. पोरानं नाही म्हणून सांगितलं. झालं, दुसऱ्या दिवसापासनं फोन सुरू, चौकशी लावतो, सस्पेंड करायला लावतो, बघून घेतो. नोकरीला दोन वर्षं पण झाली नव्हती त्याची, आई-बाप गावाकडं, रात्री मला फोन करून विचारत होता की साहेब सही करून टाकू का.

त्या वेळी त्याच्यामागं संघटना उभी राहिली. जिल्ह्याचे पदाधिकारी त्याला घेऊन प्रांतसाहेबांना भेटले, लेखी निवेदन दिलं की ह्या घरांची तपासणी दुसऱ्या पथकाकडनं करून घ्या आणि जे निघेल ते निघेल. दुसरं पथक गेलं, ती नावं आली नाहीत. सानुग्रह अनुदानाचा पैसा ज्याचं घर खरंच बुडालं होतं त्याच्याकडंच गेला, म्हणजे फायदा तलाठ्यापेक्षा तुमचा-आमचाच झाला. एकटा असता तर त्या पोरानं सही केली असती, आणि मी त्याला दोष दिला नसता.

सरकारी नोकरीत जो नियम करतो तोच मालक, तोच बदली करतो आणि तोच चौकशी लावतो. खाजगीतल्या कामगाराला लेबर कोर्ट आहे, आम्हाला मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आणि कोल्हापूरच्या माणसाला मॅट म्हणजे मुंबईची वारी, वकील, तारखा, रजा. एकटा कारकून हे किती दिवस करणार सांगा. म्हणून बदल्यांचा 2005 चा कायदा लई मोठी गोष्ट आहे, त्यात साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ आणि बदल्या एप्रिल-मे मध्ये असं ठरलंय, मधेच कुणाला उचलायचं तर कारणं लेखी द्यावी लागतात. कायदा कागदावर असतोच हो, पण मनात येईल तेव्हा ऑर्डर निघते त्या वेळी तो कागद घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जायला चार माणसं बरोबर लागतात. त्याच कायद्यात असंही आहे की कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडं सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. आमच्या संघटना पहिला भाग पाठ म्हणून दाखवतात आणि हा दुसरा भाग कधी तोंडातनं काढत नाहीत, ह्याचा मला मनापासनं राग आहे. लाच घेताना सापडलेल्या माणसाच्या बाजूनं निवेदन द्यायला जातात त्याचा तर त्याहून जास्त.

आणि संपाबद्दल तुमचा राग मी समजू शकतो. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, 14 ते 20 तारखेपर्यंत. मागणी रास्तच होती, 1 नोव्हेंबर 2005 पासनं पुढं लागलेल्या माणसाला शेअर बाजाराच्या भरवशावर म्हातारपण काढायला लावणं मला पटत नाही, मला स्वतःला जुनी पेन्शन मिळते आणि तिच्यामुळं घर कसं चालतं हे मी दर महिन्याला बघतो. पण नेमकी त्याच दिवसांत राज्यात ठिकठिकाणी अवकाळी आणि गारपीट झाली, गहू झोपला, आणि पंचनाम्याला माणूस नाही. शेतकऱ्यानं ते शिवार कुणाला दाखवायचं? निदान पंचनामे आणि दवाखाने तरी संपातनं सोडायला पाहिजे होते, असं मला त्या वेळीही वाटत होतं आणि आजही वाटतं.

कंत्राटी लोकांचं तर ह्या चर्चेत नावच निघत नाही. आशाताई, अंगणवाडी सेविका, डेटा एंट्रीची पोरं, कुणाला मानधन, कुणाचा पगार एजन्सीच्या हातात. कायमची नोकरी आहे म्हणून संघटना नको असं तुम्ही म्हणता, मग ह्यांना तर तुमच्याच हिशोबानं ती सगळ्यात आधी मिळायला पाहिजे, आणि कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्यांना आपल्या बाकावर बसवून घ्यायला पाहिजे.

संप नको असेल तर त्याच्या जागी काहीतरी द्यावं लागेल. केंद्रात 1966 पासनं जेसीएम, म्हणजे संयुक्त सल्लामसलतीची यंत्रणा आहे, सरकार आणि कर्मचारी समोरासमोर बसतात आणि पगार-भत्ते, कामाचे तास, रजा ह्यांवर जमलं नाही तर प्रकरण लवादाकडं जातं. राज्यात पण ठरलेल्या मुदतीत निकाल देणारा आणि सरकारनं मानायलाच लागेल असा लवाद आणा, मग पंचनामा आणि दवाखाना कधीच बंद ठेवणार नाही असं संघटनांकडनं लिहून घ्या, सगळ्यात आधी मी जाऊन आमच्या लोकांना सही करायला सांगतो.