विमान अपहरणावरचा एकच सिनेमा बघायचा तर कोणता?

‘नीरजा’ (२०१६). दुसरं नाव मनातही येत नाही. ५ सप्टेंबर १९८६ला आपल्या मुंबईहून निघालेलं पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीचं विमान कराची विमानतळावर उभं असतानाच अतिरेक्यांनी ताब्यात घेतलं. इशारा मिळताच वैमानिक कॉकपिटच्या छतातल्या झडपेतून निसटले, म्हणून ते उडालंच नाही. बाकी अपहरणपटांत थरार आभाळात असतो. इथे तो जमिनीवरच, तासन्‌तास. मग वीज जाते, केबिनमध्ये काळोख पसरतो आणि गोळीबार सुरू होतो. दादरला बघताना त्या काळोखात आईने माझं मनगट गच्च धरलं होतं. त्या विमानातली हवाई सुंदरी नीरजा भनोत तेविसाव्या वाढदिवसाच्या दोनच दिवस आधी गेली. तिने आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन प्रवाशांचे पासपोर्ट लपवले, तो प्रसंग नीट बघा.