व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये एक्स्टेन्शनचं (जोड-प्रोग्रामचं) कोणतं व्हर्जन बसलंय, हे स्क्रिप्टमधून कसं ओळखायचं?

टर्मिनलमध्ये 'कोड --लिस्ट-एक्स्टेन्शन्स --शो-व्हर्जन्स' चालवा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). प्रत्येक ओळीत पब्लिशर, टिंब, नाव, मग @ आणि व्हर्जन येतं. @ वर तोडलं की काम झालं.

होम फोल्डरमधल्या '.व्हीएसकोड/एक्स्टेन्शन्स'मधली फोल्डरांची नावं वाचायच्या फंदात पडू नका. अपडेटनंतर जुनं फोल्डर काही काळ तिथंच पडून असतं, त्यामुळे एकाच एक्स्टेन्शनची दोन व्हर्जन्स दिसतात.

स्वतःच्या एक्स्टेन्शनमधून बघायचं असेल तर व्हीएस कोडच्या 'गेटएक्स्टेन्शन' या फंक्शनला हव्या त्या एक्स्टेन्शनचा पूर्ण आयडी (पब्लिशर, टिंब, नाव) द्या आणि 'पॅकेजजेसन.व्हर्जन' वाचा, त्यासाठी ते अ‍ॅक्टिव्हेट करावं लागत नाही. मात्र डिसेबल केलेलं असेल तर 'अनडिफाइन्ड' मिळतं, ते आधी तपासा. रिमोट एसएसएचवर (म्हणजे दुसऱ्या मशीनला जोडून) काम करत असाल तर कमांड त्याच विंडोच्या टर्मिनलमध्ये द्या, तिथली यादी वेगळी असते.