बाबांच्या वहीतलं गाणं वामनदादांचंच आहे का?

प्रश्न: ताई, जयभीम. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात आमचं खेडं. १९९४ ची गोष्ट, मी सातवीत होतो. एप्रिलच्या शेवटी गावात भीमजयंतीचा कार्यक्रम होता, विहारासमोर मांडव, दोन ट्यूबलाइट, एक माइक, बस. बाबा ढोलकीवर. पांढऱ्या कपड्यातले एक म्हातारे येऊन सतरंजीवर बसले अन् मांडीवर ठेका धरून ऐकत राहिले, पाहुण्यांची जागा आहे म्हणून एकानं त्यांना मागं सरकवलं पण. मग बाहेरगावचे गायक आले, त्यांनी थेट जाऊन या म्हाताऱ्यांचे पाय धरले, तवा कळलं का हे भीमगीतं लिहिणारे अन् गाणारे वामनदादा कर्डक! बाजूच्या गावात मुक्कामी होते म्हणे, आवाज ऐकून आले. बाबांची ढोलकीच थांबली. मग दादा गायले, बाबांनी साथ केली, अन् दुसऱ्या दिवशी ते गाणं आठवलं तसं वहीत उतरवलं. बाबा आता ७६ चे आहेत, अजून म्हणतात, "काऊन रे मले वळखू नाई आले ते?" पुतण्या म्हणते एवढा मोठा माणूस आपल्या खेड्यात कायले येईन, दुसराच कोणी असन. कसं ठरवायचं?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर: भाऊ, जयभीम. पत्र वाचताना अंगावर काटा आला. पुतण्याला आधी सांगा की वामनदादा खेड्यापाड्यातच गायचे, आयुष्यभर तेच केलं त्यांनी. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, जन्म १९२२ चा, लहानपणी शाळा मिळाली नाही, अक्षरं शिकले तेच मोठेपणी मुंबईला, आणि १९४३ पासून लिहायला लागले ते २००४ ला जाईपर्यंत. गाणी किती तर हजारोंनी. आणि विदर्भ काही त्यांना परका नव्हता, १९९३ ला वर्ध्याला पहिलं आंबेडकरी साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष तेच होते, म्हणजे तुमच्या गोष्टीच्या आदल्याच वर्षी. शिवाय आपल्याकडे जयंती एका दिवसात कुठं संपते, १४ एप्रिलला सगळ्या गावांना गायन पार्टी मिळत नाही म्हणून कार्यक्रम मे महिन्यापर्यंत चालतात, त्यामुळे एप्रिलच्या शेवटी ते तुमच्या भागात असणं अगदी पटण्यासारखं आहे.

बाबांना ओळखू आलं नाही यात त्यांची काय चूक? गाणी तोंडातोंडी पसरलेली, कॅसेटवर फोटो असेलच असं नाही. घरोघरी ज्याचं गाणं तोंडपाठ त्याचा चेहरा कोणी पाहिलेला नाही, असं तेव्हा सर्रास होतं, आणि ते गायले तेव्हा साथीला बाबाच होते ना!

आता वही. शेवटचं कडवं बघा. दादा बऱ्याच गाण्यांत शेवटी 'वामन' हे आपलं नाव गुंफायचे. पण नाव सापडलं म्हणजे झालं असं समजू नका, गायक आपल्या सोयीनं ओळी बदलतात, कधी नावही बदलतात, आणि दादांच्या चालीवर दुसऱ्यांनी रचलेली गाणीही खूप आहेत. म्हणून छापील पुस्तकाशी ताडून बघा. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' हे त्यांचे संग्रह, जिल्ह्याच्या ग्रंथालयात किंवा विहारातल्या जुन्या कपाटात शोधा. तिथं नाही सापडलं तरी वही फेकायची नाही, कारण त्यांचं कितीतरी गाणं छापलंच गेलेलं नाही, ते अशाच वह्यांत आणि लोकांच्या गळ्यात आहे.

वहीच्या पानापानाचे उजेडात फोटो काढा, पुसट झालेल्या ओळींवर पेन फिरवू नका, बाबांचं अक्षर आहे तसंच राहू द्या. आणि हे लांबणीवर टाकू नका हो, ७६ वय आहे. फोनवर रेकॉर्डिंग लावा, पण "त्या रात्री काय झालं" असं विचारत बसू नका, ढोलकी त्यांच्या मांडीवर द्या, त्या गाण्याचा ठेका वाजवायला सांगा. वहीत न उतरलेलं एखादं कडवं हातासोबत आपोआप येईल.