चार एकरांतले दोन विकून न्यूझीलंडला शेती करायला यावं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. वाळवा तालुक्यात चार एकर बागायत, शिक्षण बी.एस्सी. ॲग्री, दावणीला सहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई. दोन एकर विकून न्यूझीलंडला यायचं, चार-पाच वर्षं डेअरी फार्मवर नोकरी करायची आणि मग इथेच स्वतःची जमीन घ्यायची. शेवटी विचारलंयस, ‘दादा, तिथे सरकार तरी शेतकऱ्याच्या मागे असेल ना?’

मी अकरा वर्षं न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरच्या वायकाटो भागात धारा काढतोय, दुसऱ्यांच्या गाईंच्या. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो.

सरकार मागे नाही. पूर्वी होतं. हा देश मुळात श्रीमंत झाला तो बर्फाच्या यंत्रामुळे. आधी मेंढ्या लोकरीसाठी पाळायच्या, मांस पाठवायला सोयच नव्हती, जास्तीची जनावरं उकळून चरबी काढायचे. 15 फेब्रुवारी 1882 ला ‘डनीडिन’ नावाचं शिडाचं जहाज इथल्या पोर्ट चाल्मर्स बंदरातून निघालं. आत गोठवणारं यंत्र आणि मेंढ्यांचे सुमारे पाच हजार गोठवलेले धड. 98 दिवसांनी लंडनला पोहोचलं तेव्हा माल खाण्याजोगा होता. तिथून पुढे मांस, लोणी, चीज, सगळं ब्रिटनला. नव्वद वर्षं एकच गिऱ्हाईक, आणि तेही घरचं समजलेलं. 1973 मध्ये ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात गेला आणि ते गिऱ्हाईक हातचं निसटू लागलं.

मग सरकारने जे केलं ते तुला ओळखीचं वाटेल: स्वस्त कर्ज, खतावर सवलत आणि 1978 पासून किमान भावाची हमी. शेतकऱ्यांनी मेंढ्या वाढवल्या, कारण पैसे मेंढीमागे मिळत होते. 1982 मध्ये माणसं जेमतेम 32 लाख आणि मेंढ्या 7 कोटी. 1984 पर्यंत मेंढी-गुरंवाल्या शेतकऱ्याच्या उत्पन्नातला जवळजवळ 40 टक्के भाग सरकारकडून येत होता. त्या वर्षी लेबर पक्षाचं सरकार आलं, अर्थमंत्री रॉजर डग्लस. तिजोरी रिकामी होती. थोड्याच काळात जवळजवळ सगळं बंद झालं. वर व्याजदर चढले, जमिनीचे भाव कोसळले. आठ हजार शेतकरी शेती सोडून उठतील असं बोललं जात होतं. प्रत्यक्षात सुमारे आठशे जणांना, म्हणजे शंभरात एकाला, शेती सोडावी लागली.

हा आकडा आपल्याकडे फार मिरवला जातो, ‘बघा, सबसिडी काढली तरी शेतकरी जगला’ म्हणून. माझे शेजारी म्हातारबुवा त्या काळातले आहेत. ते सांगतात, तीन वर्षं रानाला खताचा दाणा घातला नाही, बायको गावात नोकरीला लागली, कुंपण तारेच्या तुकड्यांनी जोडून चालवलं. ते शंभरातल्या नव्व्याण्णवांत मोजले गेले. शिवाय महाराष्ट्रात सरासरी खातं 1.34 हेक्टरचं, आणि इथे डेअरी फार्म दीडशे हेक्टरच्या घरात, गाई सुमारे साडेचारशे. दीडशे हेक्टरवाल्याला पोट आवळायला जागा असते. आपल्याकडच्या खातेदाराला आवळायला पोटच कुठे आहे?

आता पैशाचं. इथे दुधाचा भाव लिटरवर नाही. फॅट आणि प्रोटीन मिळून जे किलो होतात त्यावर मिळतो, त्याला मिल्क सॉलिड्स म्हणतात. एक किलोला साधारण अकरा-बारा लिटर दूध लागतं. तू डेअरीला फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लावून दूध घालतोस, त्यामुळे तुला कळायला जड नाही. देशातलं बहुतेक दूध फॉन्टेरा या सहकारी संस्थेकडे जातं. ती 2001 मध्ये दोन मोठे संघ आणि सरकारी कायद्याने चाललेलं डेअरी बोर्ड एकत्र करून झाली. शेतकरीच सभासद, दुधाच्या प्रमाणात शेअर घ्यायचे. भाव एकरकमी नाही. उसासारखी पहिली उचल, मग हप्ते, आणि हंगाम संपल्यावर उरलेला फरक. वाळव्याच्या माणसाला हे सांगायला नको! फरक इतकाच की इथे दूध पावडर होऊन बाहेर जातं, आणि भाव जगाच्या बाजारात ठरतो. 2013-14 ला किलोमागे इथले 8.40 डॉलर मिळाले, दोनच वर्षांनी 3.90. उसासारखी एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, नाही, आंदोलन करून वाढवून घ्यायला समोर कुणी नाही. त्या वर्षी आमच्या मालकाने नवा ट्रॅक्टर विकला आणि माझ्या जोडीचा माणूस कमी केला. त्याची धार मी काढली.

मग माणसं श्रीमंत कशी झाली? दुधावर कमी, जमिनीवर जास्त. वर्षानुवर्षं जमिनीचे भाव चढत गेले, आणि विकताना त्या नफ्यावर सरसकट भांडवली कर नाही. म्हणजे आयुष्यभर बँकेचं व्याज भरायचं, हातात फार काही उरू द्यायचं नाही आणि म्हातारपणी फार्म विकून मोकळं व्हायचं. तू जमीन विकून इथे येणार आणि इथला शेतकरी जमीन धरून ठेवून पैसेवाला झालेला, एवढं लक्षात घे.

बिनजमिनीच्या माणसाला आत शिरायची एक वाट होती आणि अजून थोडी आहे: शेअरमिल्किंग. जमीन, शेड, पाण्याची सोय मालकाची. गाई, यंत्रं, मजुरी तुझी. दुधाचा पैसा निम्मा-निम्मा. आपल्याकडच्या निम्म्या वाट्याच्या शेतीसारखंच, पण इथे त्यासाठी 1937 पासून कायदा आहे. मागच्या पिढीतले किती तरी जण असे चढले: मजूर, मग पगारी मॅनेजर, मग स्वतःच्या गाई, त्या वाढवून विकल्या की जमिनीची पहिली रक्कम. पण फार्म मोठे झाले तसे मालक वाटा द्यायला नाखूश. आता हिशोब कर. गाय दोन हजार डॉलर धर. तीनशे गाई म्हणजे सहा लाख डॉलर, आपले तीन कोटी. तुझ्या दोन एकरांचे लाखभर डॉलर झाले तर पन्नास गाई येतील, आणि पन्नास गाईंना कुणी फार्म देत नाही. जमिनीचं तर बोलूच नको, वायकाटोत हेक्टरला चाळीस-पन्नास हजार डॉलर. वर, तू परदेशी असेपर्यंत पाच हेक्टरपेक्षा मोठी शेतजमीन सरकारच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. आपल्याकडे सातबारा नसलेल्याला शेती घेता येत नाही, तसंच काहीसं.

आणि ही जमीन होती कुणाची, हेही माहीत असू दे. मी ज्या रानात उभा असतो तो सगळा पट्टा माओरींचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचा. 1863 च्या युद्धानंतर सरकारने वायकाटोत सुमारे 12 लाख एकर जप्त केली आणि गोऱ्या वसाहतवाल्यांना वाटली. 1995 मध्ये राणी एलिझाबेथच्या सहीने माफी आणि 17 कोटी डॉलरची भरपाई झाली. स्वस्त जमिनीवर सुरुवात झालेल्या शेतीशी आपण महाग जमिनीवरून स्पर्धा करायला निघालोय.

नोकरी म्हणशील तर मिळते, पगारही बरा. पण गोठा डोळ्यांसमोर आणू नकोस. गाई बारा महिने रानात, गवतावर. सगळ्या जुलै-ऑगस्टमध्ये एकदम वितात, मे महिन्यात आटवतात. जुलैत पहाटे चारला, गुडघाभर चिखलात, पावसात, वासरं उचलून आणायची आणि चिक पाजायचा. गोल फिरणाऱ्या शेडमध्ये तासाला तीनेकशे गाई पुढून जातात, प्रत्येकीच्या चार सडांना कप लावायचे. तुझ्या सहा गाईंना नावं असतील. इथे कानात नंबर असतो.

व्हिसा मान्यताप्राप्त मालकाच्या नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी मिळवून देण्यासाठी पैसे घेणं इथे बेकायदा आहे. मी पुण्यातल्या एका एजंटाला सहा लाख दिले होते, ते आईच्या पाटल्यांचे होते. तू एक रुपया देऊ नकोस.

जमीन विकू नकोस. चारही एकर भावकीत कुणाला वाट्याने लाव, गाई विक, आणि पाच वर्षं कामाला ये. हंगाम 1 जूनला बदलतो, त्या दिवशी सगळा देश फार्म बदलतो, म्हणून माणसं शोधणं त्याच्या आधी काही महिने सुरू होतं. जानेवारीपासून अर्ज टाकायला लाग. मोटारसायकल चालवतोस, ट्रॅक्टर चालवतोस, सहा गाईंची धार एकटा काढतोस, हे सगळं अर्जात लिही, डिग्री त्याच्या खाली. गमबूट मात्र इथे येऊन घे. मी इस्लामपुरातून आणलेले पहिल्या जुलैतच फाटले.