पहिली हॉलंड सायकल ट्रिप? आधी वाऱ्याचं बघ

अरे घाट नाही चढ नाही म्हणून दिवसाला शंभर किमीचा प्लॅन केलायस, तो आधी निम्म्यावर आण. तिथल्या राइन-मास नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात चढ नसला तरी वारा असतो, आणि बांधावर आडोसा म्हणून एक झाड मिळत नाही. वारा बहुतेक वेळा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, म्हणून सकाळी ताजे पाय असताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं नि परतताना तो पाठीवर घ्यायचा. मी पहिल्यांदा बरोब्बर उलटं केलं, शेवटचे वीस किमी अक्षरशः रडत.

बाकी एवढंच:
- मॅपमध्ये डोकं घालू नकोस. तिथे सायकलवाटांच्या चौकांना नंबर असतात, क्नोपपुंट म्हणतात, आपले नंबर कागदावर लिहून हँडलला चिकटव की झालं.
- गर्दीच्या वेळी ट्रेनमध्ये सायकल घेत नाहीत, एरवी तिचं वेगळं तिकीट लागतं.
- नदी ओलांडायच्या छोट्या फेरी-बोटी रविवारी किंवा हिवाळ्यात बंद असू शकतात, आदल्या दिवशी बघ.

सुरुवात रॉटरडॅम ते किंडरडाइक कर, 19 पवनचक्क्या बघ, दमलास तर येताना वॉटरबसमध्ये (नदीवरची प्रवासी बोट) सायकल टाक. गिअर, पॅनिअर (सायकलच्या बाजूला लटकवायच्या बॅगा) वगैरे नंतर बोलू, रेनकोट मात्र आत्ताच घे.