झेव्हियस चौथ्या एरियात अडकतोय? टर्बो रिमोट नको, आधी जमिनीकडे बघ

तुझा प्रश्न वाचला. जुन्या बाजारातनं घेतलेल्या टीव्ही गेमच्या कॅसेटमध्ये झेव्हियस नावाचा विमानाने गोळ्या मारायचा गेम निघाला, पहिले तीन एरिया कसेबसे होतात, चौथ्यात ते अवाढव्य यान आलं की सगळ्या लाईफ संपतात, मधेमधे गोळ्या गायब होतात, आणि आता पुण्याच्या तापकीर गल्लीत जाऊन टर्बोवाला रिमोट, म्हणजे बटण धरून ठेवलं की आपोआप भराभर गोळ्या सोडणारा, घेऊ का असं विचारतोयस. नको घेऊस. तुझं जिथे अडतंय तिथे टर्बोचा काही उपयोग नाही.

तू लिहिलंयस त्यावरून वाटतंय की तू हा गेम गॅलॅक्सियनसारखा खेळतोयस, म्हणजे समोर जे येईल ते उडवत सुटायचं. गॅलॅक्सियन 1979 चा, गॅलागा 1981 चा, दोन्ही नामको या जपानी कंपनीचे, दोन्हीत मागे नुसत्या चांदण्या सरकतात आणि खरी मारामारी वरच्या रांगांशी असते. त्यानंतर त्याच नामकोने झेव्हियस काढला, मासानोबू एंदो यांचं डिझाईन, आणि त्यात विमानाखाली जमीन आली. जंगल, नदी, रस्ते, पेरूतल्या नाझ्का रेषांमधला तो भला मोठा पक्षी, आणि या सगळ्यात पेरलेल्या तोफा नि रणगाडे. म्हणून तर दोन बटणं आहेत, एक हवेतल्यांना गोळी मारायचं आणि एक जमिनीवर बॉम्ब टाकायचं, गोळी जमिनीला लागत नाही आणि बॉम्ब उडणाऱ्या विमानाला लागत नाही.

आता विमानाच्या पुढे थोड्या अंतरावर जे फुलीसारखं निशाण दिसतं ना, तुझी नजर तिथे पाहिजे. नवीन खेळणारे सगळे स्वतःच्या विमानाकडे बघत बसतात आणि मग वरून आलेली गोळी फार उशिरा दिसते. निशाणावर नजर ठेवलीस की विमान डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतंच, आणि समोरचं अर्ध्या सेकंदाने आधी कळतं. बॉम्ब त्या निशाणाच्याच जागी पडतो, पण पडायला वेळ लागतो, आणि महत्त्वाचं म्हणजे पहिला बॉम्ब फुटेपर्यंत दुसरा सुटतच नाही. टर्बो कितीही जोरात चालू दे, बॉम्ब एका वेळी एकच. त्यामुळे स्थिर तोफेवर निशाण आलं की लगेच दाब, पण रस्त्यावरून चालणारा असेल तर तो कुठे वळणार ते बघून त्याच्या पुढच्या जागेवर टाक. ग्रोब्दा नावाचे जे रणगाडे आहेत ते आणखी वस्ताद, त्यातले काही निशाण अंगावर आलं की किंवा बॉम्ब सुटला की हलतात. तिथे घाई करू नकोस, एखादा सोडून दिलास तरी चालेल.

आणि आता जी गोष्ट मला या गेमची सगळ्यात भारी वाटते ती. हा गेम तुझ्याकडे बघत असतो. तू जसजसा चांगला खेळत जातोस तसतशी हवेतली विमानं जास्त चिवट पाठवतो, आधी ती कडी येतात जी जवळ आली की वळून पळतात, मग गोळ्या झाडणारी, मग अचानक कुठूनही उगवून फुटणारे काळे गोळे. तू म्हणालास की कधी तिसरा एरिया सोपा जातो कधी फार अवघड, गेम मनाला येईल तसा वागतो. तसं नाहीये, ते तुझ्याच खेळण्याचं उत्तर आहे. याला खाली आणायचा उपाय गेममध्येच ठेवलाय. जमिनीवर झोलबाक म्हणून घुमटासारखी रडार आहेत, ती स्वतः गोळी मारत नाहीत म्हणून लोक ती सोडून देतात, पण ती फोडलीस की हवेतल्या हल्ल्याचा जोर उतरतो. म्हणजे जो माणूस फक्त आकाशाकडे बघून खेळतो त्याच्यासाठी गेम अवघड होत जातो, आणि जो जमीन साफ करत जातो त्याला श्वास घ्यायला जागा मिळते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला, इतक्या कमी मेमरीत कुणीतरी हा विचार केला याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

अजून एक, एरियाचा साधारण 70 टक्के भाग पार करून मेलास तर पुढची लाईफ थेट पुढच्या एरियापासून सुरू होते, त्याआधी गेलास तर तोच एरिया पहिल्यापासून. त्यामुळे सुरुवातीला जपून खेळ, पॉईंटच्या मागे लागू नकोस, शेवटच्या टप्प्यात थोडी रिस्क घेतली तरी चालते.

आता तुझं ते अवाढव्य यान, अँडोर जेनेसिस. ते हवेत तरंगतं म्हणून सगळे त्याच्यावर गोळ्या झाडत बसतात आणि तूही तेच करतोयस बहुतेक. त्याला बॉम्बच लागतो, आणि तोही बरोबर मधल्या गाभ्यात, बाकी पूर्ण यान उडवायची काही गरज नाही. ते वरून उतरायला लागलं की पडद्याच्या खालच्या भागात रहा, विमान मधोमध आण, निशाण गाभ्याच्या उंचीला आलं की एक बॉम्ब. चुकला तर दुसरा टाकेपर्यंत डावी-उजवीकडे थोडंसंच सरक, कारण लांब पळालास की परत मधे येताना गोळी खातोस. आणि नाहीच जमलं तर नुसता तग धर, ते थोड्या वेळाने निघून जातं.

गरगर फिरणाऱ्या चंदेरी पाट्या, बाकुरा, त्यांना मारू नकोस, वाट काढ. जपानमध्ये अफवा होती की 256 गोळ्या मारल्या की पाटी फुटते. हडसन या गेम कंपनीचे ताकाहाशी मेइजिन सेकंदाला 16 वेळा बटण दाबण्यासाठी तिकडे प्रसिद्ध होते, त्या वेगाने सुद्धा 256 ला 16 सेकंद लागतील, तेवढा वेळ पाटी पडद्यावर थांबतच नाही.

गोळ्या गायब होण्याचं म्हणशील तर कॅसेट खराब नाहीये. या 8 बिट मशीनला एका आडव्या ओळीत 8 च हलती चित्रं दाखवता येतात, त्याहून जास्त झाली की काही दिसत नाहीत, म्हणून गेम आळीपाळीने दाखवतो आणि लुकलुकल्यासारखं होतं. गर्दीत एखादी गोळी दिसेनाशी झाली तरी ती तिथे आहे असंच धरून चाल. पडदाही आडवा आहे हे लक्षात ठेव, पार्लरच्या ओरिजिनल मशीनमध्ये तो उभा होता, 288 ओळींचा, घरच्यात 240, म्हणून पुढचं तुला कमी दिसतं. तुझा टीव्ही एलसीडी असेल तर सेटिंगमध्ये गेम मोड लाव, नाहीतर बटण दाबल्यावर विमान उशिरा सरकतं आणि तुला वाटतं आपलाच हात मंद आहे. कॅसेटमध्ये फुंकर मारू नकोस, तोंडाची वाफ पिनांना लागते, मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आण, कापसाच्या इअरबडने पिना पुस, पूर्ण वाळू दे मगच लाव. जो पैसा रिमोटवर घालणार होतास त्यात हे सहज येतं, आणि बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर झालीच तर चालू असलेला एखादा छोटा डबा टीव्ही मिळतोय का बघ, या गेमला त्याच्यासारखा पडदा नाही.

पेठेत लहानपणी तासावर टीव्ही गेम खेळायला मिळायचा तेव्हा झेव्हियस कुणी लावायचंच नाही, पोरं म्हणायची याला शेवट नाही. खरंच नाहीये, सोळावा एरिया संपला की परत सातव्यावर नेतो. पण मोकळ्या दिसणाऱ्या जमिनीवर निशाण उगीचच चमकलं तर तिथे बॉम्ब टाकून बघ, खालून लपलेला मनोरा वर येतो, त्याचे 2000 पॉईंट. काही ठिकाणी झेंडा निघतो, तो विमानाने उचललास की एक लाईफ जास्त. आधी पहिल्या दोन एरियांतलेच शोध, चौथ्यात पोचशील तेव्हा हातात एखादी लाईफ जास्तीची असेल.